म्हैस घेऊन घाट चढताना

माझ्या सासऱ्यांनी भर सभेत म्हैस दान केली, तेव्हा मी घरी गोवऱ्या थापत होते. त्या दानाशी माझा काही संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं.

सभा शहाद्याला होती. साल मला नक्की सांगता येत नाही. आमचा जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेश होता आणि माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. सातपुड्यात वर, घाट चढून गेल्यावर, एका गुरुजींनी पावरा आदिवासी मुलांसाठी वसतिगृह काढलं होतं. ते तापीकाठच्या गावांत धान्य आणि जुने कपडे मागायला उतरले होते. बोलता बोलता ते म्हणाले, मुलं सकाळी बिनदुधाचा चहा पितात. कोणी पोतंभर ज्वारी दिली, कोणी धोतरं दिली. सासरे उठले आणि म्हणाले, "मन्ही एक दूधवाली म्हैस." टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्या तसे ते पुन्हा उठले आणि म्हणाले, "आनि ती पायी नही जाई. मन्ही जीपना मांगे बठीसन जाई." या वेळी टाळ्या जास्त वेळ चालल्या, असं नवऱ्याने घरी येऊन सांगितलं.

जीपबद्दलही सांगायला हवं. ती लढाईतली होती. लढाई संपल्यावर सरकारने गाड्या लिलावात काढल्या, त्यातली एक तीन हात फिरून आमच्याकडे आली. सुगीत तिच्यामागे ट्रेलर लावून कापूस जिनात जाई. हा ट्रेलर आमच्या लोहाराने एका मोडक्या ट्रकच्या चाकांवर बांधला होता आणि तो रिकामा असला तरी भरल्यासारखा चाले.

जीप तापत असे. शहाद्याला जाताना एकदा आणि येताना एकदा. पण सासऱ्यांसमोर 'तापली' म्हणायचं नाही, 'दम घेतेय' म्हणायचं, असा घरातला नियम होता. पुढच्या काचेखाली इंजिनाची उष्णता दाखवणारं घड्याळ होतं. त्याचा काटा जीप घरी आली त्या दिवसापासून बरोबर मध्यावर होता. गोठ्याशेजारी थंडगार उभी असली तरी मध्यावर, आणि बॉनेटमधून वाफ निघत असली तरी मध्यावर. वाफ निघाली की सासरे त्या काट्याकडे बोट दाखवत आणि विषय संपे.

म्हैस मात्र उत्तम होती. दोन्ही वेळा चरवी भरून दूध देई, पण फक्त मला. सासूबाई बसल्या की पाय उचले, गडी बसला तर नुसती वळून बघे आणि तेवढ्यानेच गडी उठे. दान जाहीर झाल्यावर सासूबाईंनी विचारलं, "म्हैस जाईल. दूध कोण काढेल?" याचा विचार सभेत झाला नव्हता. मग ठरलं, की सुनेने म्हशीबरोबर जायचं आणि वरच्या माणसाच्या हाताची तिला सवय लागेपर्यंत राहायचं.

माझी अडचण वेगळी होती. आमच्या गुजर घरांत तेव्हा सून सासऱ्यांसमोर पदर नाकापर्यंत ओढून घेई आणि त्यांच्याशी बोलत नसे. चार वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते, ते माझ्याशी बोलले नव्हते. काही सांगायचंच असलं तर मी म्हशीला सांगे. ओट्यावर सासरे बसलेले असत आणि गोठा समोरच होता. "पेंड संपत आली गं बाई," असं मी म्हशीला म्हटलं की दुसऱ्या दिवशी पेंड येई. नवऱ्याला नव्हत्या अशा कितीतरी गोष्टी त्या म्हशीला ठाऊक होत्या.

ड्रायव्हर आमच्याच गावचा, लढाईत ब्रह्मदेशाच्या रस्त्यांवर ट्रक चालवून आलेला. बोलायला कमी. निघायच्या तीन दिवस आधी तो ओट्यासमोर येऊन उभा राहिला, तेव्हा मी धार काढत होते.

"आबा, रेडिएटर धुवाना पडी," तो म्हणाला. "विहीरना पानीना खार बसेल शे आतमा. दोन दिन लागतीन."

"दिवस ठरेल शे," सासरे म्हणाले. "गुरुजीले कळाडेल शे."

"मंग पहाटे निघूत. ऊन चढाना आधी घाट व्हई जाई."

"मुहूर्त नऊना शे."

ड्रायव्हरने थोडा विचार केला. "मंग घाटमा म्हैस उतारी दिऊत. चार मैल चालना पडी तिले, पन गाडी मोकळी चढी."

"मी सभामा शब्द देल शे," सासरे म्हणाले. "म्हैस गाडीमा जाई."

ड्रायव्हर गेला. त्याने एक गोष्ट सांगितलीच नव्हती, ती मला माहीत होती. दोन सुगी कापूस ओढून जीपच्या पुढच्या जाळीत कापूस जाऊन बसला होता. मी अंगण झाडताना रोज बघत असे. मी म्हशीच्या कासेवर पाणी मारता मारता जरा मोठ्याने म्हणाले, "तुला ओढणारी आहे ना गं, तिचं नाक चोंदलंय कापसाने. ती श्वास कुठून घेणार?" ओट्यावर खोकल्याचा आवाज आला. दुसरं काही झालं नाही.

निघायच्या दिवशी नऊचा मुहूर्त होता, म्हणजे साडेदहाला निघालो. म्हशीच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं. फळी टाकून तिला ट्रेलरमध्ये चढवलं. तिच्या शेजारी कडब्याच्या पेंढ्यांवर मी बसले. सासरे पुढे ड्रायव्हरशेजारी, नवा पांढरा फेटा बांधून. मला सगळ्या रस्ताभर त्या फेट्याची मागची बाजू दिसणार होती. वसतिगृहासाठी दोन धोतरं आणि ज्वारीचं एक पोतं होतं. पुढच्या बंपरला पाण्याची कॅनव्हासची छागल लटकवली होती. ड्रायव्हरने पाण्याच्या चार घागरी आणून ठेवल्या तेव्हा सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"इतलं पानी कसाले?"

"म्हैसले," ड्रायव्हर म्हणाला.

म्हशीला पाणी लागतं हे सासऱ्यांना मान्य होतं.

म्हसावदपर्यंत रस्ता सपाट. एकदा दम घेतला, पण तो आमच्याच शिवेवर, म्हणजे नेहमीच्या जागी. म्हसावदला चहासाठी थांबलो तर माणसं गोळा झाली. एकाने विचारलं, "म्हैस कोठे चालनी?"

"शाळाले," सासरे म्हणाले, आणि बशीतला चहा पिऊ लागले. मी पदराआड हसले.

म्हसावद सोडलं, डोंगर जवळ आला आणि रस्ता कच्चा झाला. चैत्राचं ऊन. मोहाच्या झाडाखाली फुलांचा सडा वाळून तपकिरी पडलेला. पहिल्या चढाला ड्रायव्हरने खालचा गेर टाकला. जीप मोठ्याने ओरडायला लागली, पण चालत होती, माणूस शेजारून गप्पा मारत चालू शकेल एवढ्या वेगाने.

"इतली बोंबलस कसाले?" सासरे म्हणाले. "वरना गेर टाक."

"आबा, खालना गेरमा इंजिन मोकळं फिरस. पंखा फिरस, पानी फिरस. वरना टाका ते दम कोंडाई."

"लोके ऐकी ऱ्हायनात."

त्या रस्त्यावर लोक नव्हते. शेळ्या राखणारा एक म्हातारा होता आणि तोही पाठमोरा. पण ड्रायव्हरने वरचा गेर टाकला. जीपचा आवाज उतरला. दोन वळणं ती थरथरत गेली आणि मग इंजिनातून, मुठीत खडे खुळखुळवावेत तसा, एक आवाज यायला लागला. वारा मागून होता, आणि आमची चाल इतकी हळू झाली होती की आमचाच धूर आमच्या शेजारून चालत होता. मला त्यात लोखंड तापल्याचा वास आला. म्हशीलाही आला असावा. तिने फुरफुर करून मान उंचावली आणि तिचं शिंग माझ्या खांद्याला लागलं.

तिसऱ्या वळणावर बॉनेटच्या फटींतून वाफ आली. सासऱ्यांनी काट्याकडे बोट दाखवलं. जीप उभी राहिली आणि तेवढ्यात एक हात मागे घसरली.

"दगड लावा!" ड्रायव्हर ओरडला. मागे मीच होते. मी उडी मारली आणि दिसला तो दगड ट्रेलरच्या चाकामागे सरकवला, मग दुसरा. गाडी थांबली. ट्रेलरच्या मागे दरी फार खोल नव्हती, पण म्हशीला पुरेल एवढी होती.

ड्रायव्हरने बॉनेट उघडलं. "कोनी हात लावू नका," तो म्हणाला. "अर्धा घंटा तसंच राहू द्या. झाकन गरम असताना उघाडानं नही."

सासरे खाली उतरून उभे होते. सूर्य डोक्यावर आलेला. "दुपारपावत पोचाडसू असं सांगेल शे मी. पोऱ्हे वाट देखतीन," ते म्हणाले. "पानी टाक."

"आबा, अर्धा घंटा."

सासऱ्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, हाताला गुंडाळलं आणि पुढे होऊन रेडिएटरचं झाकण पिळलं.

त्यानंतर जे झालं ते फार लवकर झालं. झाकण उडालं, तांबडं पाणी पुरुषभर उंच गेलं, आणि ड्रायव्हरने सासऱ्यांना कमरेला धरून मागे ओढलं नसतं तर ते सगळं तोंडावर आलं असतं. तरी उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत भाजला. ते ओरडले नाहीत. रस्त्याच्या कडेला बसले, हात समोर धरला आणि दुसऱ्याच कोणाचा असावा तसे त्याच्याकडे बघत राहिले. फेटा गेरूत बुचकळल्यासारखा झाला होता.

मी घागर उचलली, त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "हात इकडे धरा."

त्यांनी धरला. मी बारीक धारेने पाणी सोडायला लागले. पहिली घागर संपली, दुसरी घेतली. "अजून आग होतेय?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. तिसरी घेतली.

"वहिनी," ड्रायव्हर मागून हळूच म्हणाला, "इंजिनले पानी..."

"इंजिनाला नंतर," मी म्हणाले.

चौथी घागर संपली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पदर कधीचा खांद्यावर पडलाय आणि मी सासऱ्यांच्या तोंडाकडे बघून बोलतेय. पदर सावरायला हात मोकळा नव्हता. एका हातात घागर होती, दुसऱ्यात त्यांचं मनगट. मग मी तो विचार सोडून दिला. वसतिगृहाच्या धोतरांतलं एक घेतलं, छागलीतल्या पाण्यात भिजवलं आणि हाताला सैल गुंडाळलं. छागलही संपली.

आता पाणी कुठेच नव्हतं, रेडिएटरमध्येही नव्हतं. पण वळणाच्या खालून बायकांचे आवाज येत होते. ड्रायव्हरने ट्रेलरची मागची फळी उतरवली आणि म्हैस, तिला कोणी विचारायच्या आधी, खाली उतरून आवाजाच्या दिशेने चालायला लागली. तिला पाण्याचा वास आला होता. मी दोन घागरी घेऊन तिच्या दोरीमागे पळाले. सासरेही आमच्या मागे आले. ते तिथे का बसून राहिले नाहीत, मला माहीत नाही. बहुतेक ड्रायव्हरबरोबर एकटं बसायचं नव्हतं.

खाली कोरडा नाला होता. वाळूत बायकांनी कमरेइतका खड्डा केला होता आणि त्यात पाणी झिरपत होतं. एक म्हातारी पावरीण काठावर बसून तुंबडीने ते पाणी घागरीत भरत होती. पाच-सहा तुंबड्या काढल्या की खड्डा कोरडा, मग पुन्हा झिरपेपर्यंत वाट बघायची. सात-आठ बायका सावलीत बसल्या होत्या. म्हैस सरळ खड्ड्याकडे निघाली. सगळ्या बायका एकदम ओरडल्या. मी दोरी मोहाच्या बुंध्याला गुंडाळली म्हणून निभावलं.

म्हातारी त्यांच्या भाषेत काही बोलली. मग मला कळलं नाही हे बघून बाजारात बोलतात तसं बोलली, "पानी कोनले?"

"गाडीले," मी म्हणाले.

तिने वर बघितलं. वळणावर जीप तोंड उघडून उभी होती. "म्हैस पेस ते देखेल शे," ती म्हणाली. "गाडी कशी पेस?"

मी सांगितलं, की वरून ओततात. तिने ते बाकीच्या बायकांना सांगितलं. त्या बराच वेळ हसत होत्या. मग म्हातारीने माझ्या हातातल्या घागरी घेतल्या आणि ओळीच्या शेवटी नेऊन ठेवल्या. पुढे अकरा होत्या.

सासरे पुढे झाले. आमच्या गावात त्यांच्यापुढे कोणाची घागर भरली गेल्याचं मी पाहिलं नव्हतं. "आम्हीन वसतिगृहाले जाई ऱ्हायनूत," ते म्हणाले. "तुमनाच पोऱ्हेसले म्हैस देवाले." म्हातारीने त्यांच्याकडे बघितलं, गुंडाळलेल्या हाताकडे बघितलं, आणि भरलेली तुंबडी त्यांच्यापुढे धरली. ते डाव्या हाताने प्यायले. तिने तुंबडी पुन्हा भरून दिली. तीही प्यायले. घागरींचा नंबर बारावाच राहिला. सासरे मोहाखाली जाऊन बसले, म्हशीच्या शेजारी.

पाणी फार हळू येत होतं. मी थोडा वेळ बसले आणि मग वर गेले. ड्रायव्हर जीपपुढे उकिडवा बसून तारेने जाळी कोरत होता. त्याच्याजवळ कापसाचा छोटा ढीग झाला होता. मी अंबाड्यातला आकडा काढला आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. आधी वरवरचा कापूस निघाला, मग आत दाबून बसलेला, तेलकट काळा. सरकी निघाली. कुसळं निघाली. एक वाळका नाकतोडा निघाला, पायांसकट. जाळीच्या पातळ पत्र्यांमधून हळूहळू पलीकडचं दिसायला लागलं.

"मी दोन सुगीपाईन देखी ऱ्हायनू हाई," ड्रायव्हर म्हणाला.

"मग सांगितलं का नाहीत?"

"गाडीमा दोष शे असं सांगना पडतं ना मंग. खार पानीमा ऱ्हास, ते सांगता येस."

मी त्याच्याकडे बघितलं. तो गंभीरच होता.

जाळी साफ होईपर्यंत कापूस माझ्या ओच्यात मावेना. इंजिनावर आता हात ठेवता येत होता. पंख्याचा पट्टाही त्याने ताणून घेतला. तेवढ्यात खालून सासरे आले. भाजलेला हात छातीशी धरलेला, आणि डाव्या खांद्यावर भरलेली घागर. म्हातारीने ठेवून दिली असणार. त्यांच्यामागे एक बाई दुसरी घागर घेऊन आली आणि तिला गाडी पिताना बघायची होती म्हणून थांबली.

"नंबर उना," सासरे म्हणाले. ते माझ्याशी बोलले होते. मग त्यांची नजर माझ्या ओच्यातल्या कापसावर गेली. त्यांनी घागर खाली ठेवली.

"तू म्हैसले सांगेल व्हतं हाई," ते म्हणाले.

"हो."

"मी ऐकेल व्हतं."

ते ड्रायव्हरकडे वळले. "आते तू सांगशी तसं."

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं आणि ते फिरत असताना थोडं थोडं पाणी आत सोडलं, तापलेल्या लोखंडाला एकदम गार पाणी सोसत नाही म्हणून. मग पळसाचं एक वाळलं पान उचलून जाळीसमोर धरलं. पान जाळीला ओढलं गेलं आणि चिकटून राहिलं. "सकायले हाईच पान खाले पडी जातं," तो म्हणाला. पाणी आणलेली बाई रेडिएटरच्या तोंडात वाकून बघत होती. शेवटची घागर रिकामी झाल्यावर तिने समाधानाने मान हलवली आणि आपली वाट धरली.

मग त्याने एकेक सांगितलं आणि आम्ही केलं. ज्वारीचं पोतं पुढे जीपमध्ये घेतलं. मी नाल्यातून म्हैस सोडून आणली. म्हैस पायी. सासरे पायी. मी म्हशीबरोबर पायी. बॉनेट दोरीने अर्धं उघडं बांधलं. गाडी खालच्याच गेरमध्ये जाणार, आणि दर दोन वळणांनी, वाफ येवो न येवो, सावली बघून, वाऱ्याकडे तोंड करून उभी राहणार. "तापावर थांबानं नही," तो म्हणाला. "तापाना आधी थांबानं." उभी केल्यावरही त्याने इंजिन लगेच बंद केलं नाही. थोडं फिरू दिलं, आतलं पाणी खेळतं राहावं म्हणून.

पहिल्यांदा तो थांबला तेव्हा आम्ही त्याला मागे टाकलं. नंतर तो आम्हाला दिसला नाही, फक्त खालून आवाज यायचा. म्हैस छान चालत होती. घुंगरांचा आवाज डोंगरात घुमत होता.

सासरे माझ्या पुढे चार पावलं होते. एक वळण गेलं. मग मागे न वळता म्हणाले, "म्हैस देवानं मन्हा मनमा व्हतं. जीपनं टाळ्या ऐकीसन बोलाई गयं."

"बरं," मी म्हणाले.

आणखी एका वळणानंतर त्यांनी विचारलं, "घरमा काही कमी शे का?"

चार वर्षांत कोणी मला हे विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "गोठ्याचं छप्पर डाव्या अंगाला गळतं."

"म्हैसनी काही सांगेल नही."

"ती उजवीकडे बांधलेली असते."

ते हसले. मला त्यांची पाठच दिसत होती, पण खांदे हलले. मग हाताला धक्का बसला म्हणून थांबले. मी धोतराचा पट्टा सोडून पाहिलं. फोड मोठे आले होते. पुढच्या झऱ्यावर पुन्हा भिजवून बांधलं. चढ संपेपर्यंत आम्ही तीनदा थांबलो आणि त्यांनी मला माझ्या माहेरच्या विहिरीबद्दल, माझ्या शाळेबद्दल आणि मी चौथीनंतर का थांबले याबद्दल विचारलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं. त्यांना ते आवडलं नसावं, पण त्यांनी ऐकून घेतलं.

वसतिगृहाच्या अंगणात मुलं दोन ओळींत उभी होती. मोटार येणार म्हणून दुपारपासून उभी होती. आधी म्हैस आली. तिच्यामागे पदर न ओढलेली मी, आणि माझ्यामागे गेरूच्या रंगाचा फेटा बांधलेले, हात गळ्यात अडकवलेले सासरे. गुरुजींच्या हातात हार होता. त्यांनी तिघांकडे पाहिलं आणि हार म्हशीला घातला. म्हशीने मान वळवून त्याचा निम्मा भाग खाल्ला. अर्ध्या तासाने जीप आली. वाफ नाही, आवाज नाही. मुलं तिच्याकडे धावली आणि म्हशीकडे कोणी बघेना.

ऊन उतरल्यावर मी धार काढली. गुरुजींच्या मंडळींनी त्या दुधाचा चहा केला. मुलांना तो फार आवडला नाही. त्यांना काळ्या चहाची सवय होती. दोन मुलांनी तर दूध वेगळं आणि चहा वेगळा द्या असं सांगितलं.

सासरे आणि ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी सकाळी उतरले. हात शहाद्याच्या डॉक्टरांकडे दोन महिने चालला. बरा झाला, पण दोन बोटं पुरती मिटत नसत आणि कातडीवर पांढरा चट्टा राहिला. कोणी विचारलं तर ते सरळ सांगत, "गरम झाकन उघाडेल व्हतं." जीप तापली होती हे त्यातच आलं. त्याच महिन्यात त्यांनी रेडिएटर उतरवून सोड्याने धुवून घेतला.

मी वर नऊ दिवस राहिले. स्वयंपाकाला एक पावरा बाई होती, विधवा, माझ्यापेक्षा थोडी मोठी. ती बसली की म्हैस पाय झाडी. तीन दिवस आम्ही गूळ, पेंड, गाणं, सगळं करून पाहिलं. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. चौथ्या दिवशी तिने माझ्या अंगावरच्या लुगड्याकडे बोट दाखवलं आणि स्वतःकडे दाखवलं. मी लुगडं सोडून दिलं आणि गुरुजींच्या मंडळींचं पातळ नेसले. तिने माझं लुगडं नेसून म्हशीजवळ उभं राहायला सुरुवात केली. त्या दिवशी म्हशीने तिला हुंगलं. पाचव्या दिवशी दोन सडांचं दूध सोडलं. नवव्या दिवशी चरवी भरली आणि मी निघाले. लुगडं तिथेच ठेवणं भाग होतं.

पातळ बघून सासूबाईंनी विचारलं, लुगडं कुठे गेलं. मी म्हणाले, म्हशीकडे.

वर्षभराने म्हसावदच्या बाजाराला आलेल्या एका माणसाबरोबर माझं लुगडं परत आलं. स्वच्छ धुतलेलं, घडी करून पळसाच्या पानांत बांधलेलं. निरोप होता, की म्हैस व्याली, पारडी झाली आणि आता लुगडं लागत नाही. मी ते पुन्हा धुतलं, उन्हात घातलं, पुन्हा धुतलं. म्हशीचा वास काही जाईना. शेवटी तसंच नेसायला काढलं.